जीप आणायची नाही

मी जन्मभर सौदे केले. जुन्या कपड्यांवर नवी भांडी द्यायची, हा माझा धंदा. आज जळगावात माझं स्वतःचं भांड्यांचं दुकान आहे, पण ते डोक्यावरच्या पाटीतून उभं राहिलं आहे. सौद्यात मला कोणी फसवलं असं क्वचितच झालं, आणि ज्यांनी फसवलं त्यांच्या दारात उभं राहून, भांडून मी वसूल केलं. फक्त एका सौद्यात समोरच्या बाईने शब्द मोडला आणि मला काहीही वसूल करता आलं नाही. ती बाई अजून कधी बाजारात दिसते. मला नमस्कार करते. मी मान फिरवते. लोक म्हणतात, ती भली बाई आहे. असेल.

नव्वद सालच्या आसपासची गोष्ट. तेव्हा दर थोड्या दिवसांनी पेपरात कुठल्या तरी सुनेची बातमी असायची. स्टोव्हचा भडका उडाला आणि सून भाजली. सासूच्या हातून स्टोव्हचा भडका कधी उडत नसे. मग शहरात मोहीम निघाली. नगरपालिका, पोलीस आणि शिकलेल्या बायकांची एक समिती, असे सगळे मिळून. बस स्टँडची भिंत, दवाखान्याची भिंत, शाळांची कुंपणं, सगळीकडे निळ्या अक्षरात लिहून काढलं. सुनेला लेक माना. हुंडा मागणारा भिकारी. मारहाण सहन करू नका, समितीकडे या. एक जीप कर्णा लावून पेठापेठांतून फिरायची. चौकात पथनाट्यं व्हायची आणि त्यात मिशा लावलेली मुलगी नवरा व्हायची. पोरं हसायची.

मी सातवी शिकलेली. पाटी घेऊन जाताना ती सगळी अक्षरं वाचायची. मला ते आवडलं होतं, हे आधी सांगून ठेवते. पुढे जे लिहिणार आहे ते वाचून कोणी म्हणू नये की ही बाई पहिल्यापासून त्या कामाच्या विरोधात होती.

मी मूळची धुळ्याकडच्या शेतकरी घरातली. आमच्या घराण्यात कोणी पाटी डोक्यावर घेतली नव्हती. नवरा ट्रकवर गेला आणि त्याने गुजरातेत दुसरं घर केलं. माहेरी भावजयीच्या हाताखाली राहण्यापेक्षा मी शेजारच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्या बोहारणीच्या मागे फिरले आणि धंदा शिकले. धुळ्यातल्या गल्ल्या जुन्या बायकांनी वाटून घेतलेल्या होत्या. म्हणून मी जळगावला आले आणि पिंप्राळ्यातल्या नव्या कॉलन्या धरल्या.

आमच्या धंद्याची वेळ दुपारची. पुरुष कामावर गेलेले, पोरं शाळेत, आणि बाई घरात एकटी. तेव्हाच ती नवऱ्याची पँट काढून देते. तो घरी असला तर देत नाही, कारण पुरुषाला फाटकी पँटसुद्धा नवीन वाटते. एका सौद्याला तास तास लागतो. बाई कपडा आणते, मी उन्हात धरते, विरलेली जागा दाखवते, ती पातेल्यावर बोट वाजवून पोचा दाखवते. मी उठते, ती थांबवते. ती उठते, मी थांबवते. तेवढ्या वेळात घरातलं सगळं कळतं. न विचारता कळतं. विचारायचं नाही, हा आमचा नियम होता. ब्लाऊज गळ्यापासून का फाटला, हे बोहारणीने विचारलं तर ते दार तिला पुन्हा उघडत नाही.

पिंप्राळ्यात शेवटच्या ओळीत एक घर होतं. नवरा कारखान्यात सुपरवायझर, सायकलवर जायचा. सासू धुळ्याकडची, म्हणजे माझ्याच भागातली. म्हणून तिचं आणि माझं अहिराणीत चांगलं जुंपायचं.

"इतलं चांगलं लुगडं, आनि इतलुशी वाटी? लुटाले बठनी का वं तू?" सासू म्हणायची.

"उनमा धर आक्का, आरपार मन्हं तोंड दिसी तुले."

"दिसाले पाह्यजे असं कोनतं तोंड शे तुन्हं?"

मी हसायची, तीही हसायची. वाईट वाटेल कोणाला, पण खरं सांगते, ती सासू मला आवडायची. तिच्याशी भाव करण्यात मजा होती.

एकदा सून पाणी घेऊन बाहेर आली. रावेरकडची पोरगी, बाप केळीवाला. उंच, सावळी. भुवईवर टाके होते, ताजे.

"न्हानीमा पडनी," सासू म्हणाली.

मी काही विचारलं नव्हतं.

गुरुवारी सासू भजनाला जायची. पुढच्या गुरुवारी मी मुद्दाम त्या दारात पाटी उतरवली. सून एक जुनी चादर घेऊन आली आणि भाव न करताच बसली. तिला सहावा महिना होता. आधी एक राहिलं होतं, ते गेलं. नवऱ्याने धक्का दिला आणि ती धुण्याच्या दगडावर पोटावर पडली. हे सगळं तिने चादरीची घडी करत, मोडत, पुन्हा करत सांगितलं.

"मावशी, पहिलं बाळंतपण माहेरीच होतं ना हो?"

"होतं. सातव्यात नेतात."

"आबा आले होते न्यायला. आधीच ठरवून ठेवावं म्हणून. यांनी दारातून परत पाठवलं. म्हणाले, लग्नात कबूल केलेली स्कूटर आधी, मग लेक."

"मग तू आपली जा. बसमध्ये बस आणि रावेरला उतर."

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काही वेड्यासारखं बोलले.

"गेले तर आबा घरात घेतील. पण धाकटी बहीण लग्नाची आहे. पळून आलेल्या पोरीच्या बहिणीला कोण करणार? मला कोणीतरी न्यायला यायला पाहिजे आणि यांनी मला पाठवायला पाहिजे. मग कोणी काही बोलत नाही."

मग ती म्हणाली, "इथे बाळंत झाले तर मी नाही वाचणार, मावशी. बाळ पण नाही."

रडत नव्हती. आज कुठली भाजी करायची आहे हे सांगावं तसं सांगत होती. मी तिला चादरीवर एक चांगला डबा दिला, जेवढा द्यायला नको होता तेवढा मोठा. आणि म्हटलं, "कोणाला तरी सांगावं लागेल."

"कोणाला?"

"ज्याला सांगून काम होईल त्याला."

ती नाही म्हणाली नाही.

समितीतल्या एक मॅडम माझ्या जुन्या गिऱ्हाईक होत्या. त्यांच्या घरच्या साड्या भारी असायच्या आणि त्या भाव करायच्या नाहीत, म्हणून त्यांच्याकडे मला करमायचं नाही. त्याच आठवड्यात एकदा मी त्यांच्या ओट्यावर बसले होते आणि त्याच म्हणाल्या, "बाई, तुम्ही घरोघरी जाता. आम्ही जीप घेऊन गेलो की दारं बंद होतात. एकही बाई पुढे येत नाही. काय करावं?"

"पुढे कशी येईल? चौकात सगळ्यांदेखत कोणी सोनं विकतं का? सोनारसुद्धा आतल्या खोलीत बसवतो."

त्या हसल्या. मी मात्र हसले नाही. त्यांना म्हटलं, एक बाई आहे. पण माझ्या अटी आहेत. जीप आणायची नाही. कर्णा नाही, फोटोवाला नाही, पोलीस तर नाहीच. तिचा बाप आणि आत्या रीतीप्रमाणे न्यायला येतील, सोमवारी दुपारी. तुम्ही त्यांच्याबरोबर नात्यातल्या बाई म्हणून यायचं, साध्या साडीत. मोठ्या घरची बाई दारात उभी असली की नाही म्हणताना जीभ अडखळते. तेवढंच पाहिजे. पोरगी टेम्पोत बसली की तुमचं काम संपलं. बाळंत झाल्यावर पुढचं बघू, कोर्ट म्हणा, पोलीस म्हणा, काय ते.

मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं. त्यांनी एकच विचारलं, "कार्यक्रमाच्या आधी नाही जमणार? रविवारी मोहिमेचा समारोप आहे."

"सोमवारी. आधी नाही."

"बरं."

"शब्द?"

त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. म्हणाल्या, "शब्द." आमच्यात एवढं पुरतं. बाजारात याच्यावर ट्रक भरून माल जातो.

घर कुठलं ते मी त्यांना सांगितलं. सांगितल्याशिवाय त्या सोमवारी येणार कशा?

मग मी रावेरला गेले. धंदा बुडवून. बाप शेतावर होता, केळीची कापणी चालली होती. माणसं खांद्यावर घड आणून ट्रकमध्ये पानांच्या थरावर रचत होती. मी सरळ त्याच्यासमोर उभी राहिले.

"आबा, तुमच्या लेकीला सातवा लागतोय."

त्याने मला ट्रकच्या मागे नेलं. "हळू बोला बाई. मानसं हायेत."

"माणसांनाच ऐकू जाऊ दे."

"मी गेलतो. दारातून परत पाठवलं मले. पानी सुद्धा नाई इचारलं."

"मग पुन्हा जा."

"तसं जाता येत नाई. एकडाव नाई म्हनले का त्यायनंच बोलवाव लागते."

"व्यापारी एकदा नाही म्हणाला तर तुम्ही घड झाडावर पिकू देता का?"

तो चिडला. धिप्पाड माणूस, मान लाल झाली. "लेक म्हंजे केळी नाई, बाई."

"नाही ना! केळी सडली तर पुढच्या सालात दुसरी लावाल. म्हणून तर बस पकडून आले."

ट्रकवरचा माणूस घड हातात धरून तसाच थांबला होता. बापाने त्याला शिवी घातली आणि कामाला लावलं. मग बराच वेळ उपरण्याने तोंड पुसत राहिला. मी अटी सांगितल्या. सोमवार, दुपार, आत्या, टेम्पो. सोबत शहरातली मोठी बाई असेल, हे ऐकल्यावर त्याचा चेहरा जरा सैल झाला. त्याला हिंमत कमी नव्हती. त्याला पुन्हा दारातून परत यायचं नव्हतं, एवढंच.

"येतो," तो म्हणाला. "पन तमाशा नको."

"तमाशा होणार नाही. मी शब्द घेतला आहे."

शनिवारी मी पिंप्राळ्यातच होते, दोन ओळी अलीकडे. एका बाईशी स्वेटरवरून घासाघीस चालली होती. कर्ण्याचा आवाज आला. माता-भगिनींनो, अन्याय सहन करू नका. रोज फिरायची तशी जीप फिरत असेल, असं मला वाटलं. मग आवाज पुढे जाईना. एकाच जागी थांबला. मी पाटी उचलली आणि धावले. डोक्यावर पाटी घेऊन धावता येत नाही, भांडी वाजतात. सगळ्या गल्लीने मला धावताना पाहिलं.

जीप त्याच दारात उभी होती. मॅडम पुढे, मागे समितीच्या आणखी बायका, एक फौजदार, दोन शिपाई, आणि फोटोवाला समोरच्या ओट्यावर चढलेला. पोरं जमली होती. बायका दारादारांत. कोणीतरी सायकल दामटून कारखान्यात गेलं आणि नवऱ्याला घेऊन आलं. तो घामाने निथळत होता आणि सगळ्यांना नमस्कार करत होता.

सुनेला बाहेर बोलावलं. ती पदर नीट करत उंबऱ्यात आली. पोट आता लपत नव्हतं.

"घाबरू नकोस ताई, आम्ही आहोत," मॅडम म्हणाल्या. मनापासून म्हणाल्या, ते मला मान्य आहे. त्यांचे डोळे भरले होते.

फौजदाराने विचारलं, "तुम्हाला घरात मारहाण होते का?"

गल्लीत अशी शांतता झाली की कुठल्या तरी घरातल्या कुकरची शिट्टी ऐकू आली. नवरा तिच्या डाव्या हाताला उभा. सासू उजव्या. सुनेने गर्दीवरून नजर फिरवली आणि ती माझ्यावर येऊन थांबली. मी पाटी घेतलेली, धापा टाकत उभी. तिने मला नीट पाहिलं.

"नाही," ती म्हणाली. "मी न्हाणीत पडले होते."

आता जीप रिकामी परत नेणं समितीला बरं दिसेना. त्यांनी तिथेच समेट केला. नवऱ्याने सगळ्यांसमोर कबूल केलं की बायकोला सुखात ठेवीन, स्कूटर मागणार नाही. सासूने मान डोलावली. एका बाईने सुनेची ओटी भरली, नारळ घातला. फोटोवाला वरून ओरडत होता, "हात धरा, हात धरा बायकोचा. असं नाही, जरा हसून." नवऱ्याने हात धरला. मनगटाला धरला, घट्ट. मला तेवढ्या लांबून दिसलं. टाळ्या झाल्या. माझ्या शेजारची बाई डोळे पुसत म्हणाली, "चांगलं झालं हो."

मी जीपजवळ जाऊन मॅडमचा दंड धरला.

"सोमवार ठरलं होतं आपलं. जीप आणायची नाही म्हटलं होतं."

"बाई, इथे नको."

"मला इथेच पाहिजे. तुम्हीही इथेच आलात ना?"

त्यांनी मला बाजूला घेतलं. "उद्या वरून साहेब येताहेत. इतके दिवस मोहीम चालली आणि एकही प्रकरण नाही. काही दाखवलं नाही तर नगरपालिका आमची खोलीसुद्धा काढून घेणार आहे. मग पुढच्या बायका कुठे जातील?"

"पुढच्या बायका पुढे. ही आत्ताची आहे."

"त्याला आता पोलिसांचा धाक बसलाय. हात लावायची हिंमत होणार नाही त्याची."

"जीप किती दिवस उभी ठेवणार आहात दारात?"

फौजदाराने मला म्हटलं, "ए बाई, चल, गर्दी करू नको." मी त्यालाही दोन शब्द सुनावले. शिपायाने पाटी ढकलली. एक तांब्या गटारात गेला. गल्ली हसली. जीप निघून गेली.

रविवारी समारोपाला ती दोघं स्टेजवर होती. संसार वाचला म्हणून हार घातले. मी मागे उभी राहून ओरडले, "तिला एकटीला विचारा!" मला धरून बाहेर काढलं. ते लिहिण्यासारखं काही नाही. सोमवारच्या पेपरात फोटो आला. नवरा हसतोय, सून खाली बघते आहे, मॅडम मध्ये.

त्याच सोमवारी दुपारी बाप आला. टेम्पोत गादी टाकलेली, उशी, आत्या मांडीवर स्टीलचा डबा घेऊन बसलेली. डब्यात डिंकाचे लाडू होते, हे आत्यानेच मला सांगितलं, कारण दुसरं काही बोलायला नव्हतं. घराला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, "काल कार्यक्रमावरून आले ते तसेच सामान बांधून गेले. धुळ्याला, त्यांच्या घरी." बाप कुलपाकडे बघत राहिला. येताना त्याने जळगावात पेपर पाहिला होता, तो खिशात होता.

"तुम्ही म्हनले होते, तमाशा नाई होनार," तो मला म्हणाला. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं.

मी म्हटलं, "धुळ्याला चला. आत्ता. टेम्पो आहे, गादी आहे."

त्याने खिशातला पेपर काढला. "साऱ्या जिल्ह्यानं पाह्यलं बाई. समेट झाला. साहेबानं हार घातला. आता मी आनायले गेलो तर लोक काय म्हनतील? चांगलं चाललेलं घर बापानं मोडलं म्हनतील."

"चांगलं चाललंय, असं तुम्हाला वाटतं?"

"मले काय वाटते त्याले कोन इचारते?"

टेम्पो वळवला. आत्या मागे बसली होती, डबा तसाच धरून.

त्यानंतर पिंप्राळा मला बंद झाला. दार उघडायचं, मला बघायचं आणि मिटायचं. "हीच ती, जीप आणणारी." ज्या बायका माझी वाट बघत कपडे साठवून ठेवायच्या, त्यांनी मला पाणी विचारणं सोडलं. त्यात त्यांची चूक नव्हती. प्रत्येकीच्या घरात काही ना काही होतंच. उद्या आपल्या दारात कर्णा लागला तर? मी नशिराबादकडची गावं धरली, पायी, उन्हात. मॅडमची खोली मात्र राहिली. मोहीम यशस्वी झाली, असं ठरलं. त्या खोलीत पुढे काही बायकांची कामं झाली असंही ऐकते. झाली असतील. त्या बायकांशी माझं काही भांडण नाही.

सून कुठे आहे, हे शोधायला मला धुळ्यातल्या जुन्या बोहारणींना सांगावं लागलं. त्यांची सगळी घरं ओळखीची. उंच, सावळी, भुवईवर व्रण, रावेरकडचं बोलणं. पाऊसकाळ मध्ये गेला. एकीने निरोप दिला की तशी सून एका गल्लीत आहे, देवळाच्या मागे. मी पाटी भरली आणि धुळ्याची बस धरली.

दुपार होती. सासू शेजारी पापड लाटायला गेली होती. सून ओट्यावर मिरच्यांचे देठ खुडत होती. मला बघून उठली नाही, दचकलीही नाही. मी पाटी उतरवली. दिवस भरून गेलेले होते. पोट नव्हतं. घरात पाळणा दिसत नव्हता, दोरीवर दुपटी नव्हती.

मी विचारलं नाही. तीच म्हणाली, "मुलगा होता. नाही राहिला." आणि मग, "मी फक्त तुम्हाला सांगितलं होतं, मावशी."

"मी जीप आणायची नाही म्हटलं होतं. शब्द घेतला होता."

"हो का," ती म्हणाली.

मी ज्यांच्याकडून शब्द घेतला त्या मॅडमना तिने तिच्या दारात रडताना पाहिलं होतं. मला तिने गर्दीत पाटी घेऊन उभी पाहिलं. तिच्या दृष्टीने जीप मीच आणली. कोणाला जाऊन सांगू की तसं नव्हतं?

थोड्या वेळाने ती म्हणाली, "आबांनी पेपर पाहिला असेल."

"पाहिला. पण त्याच्या आधी ते निघाले होते. सोमवारी आले होते न्यायला."

तिचे हात थांबले. तिला हे माहीत नव्हतं. कोणी सांगितलंच नव्हतं.

"खरंच आले होते?"

"टेम्पो घेऊन. कुलूप होतं."

"बरोबर कोण होतं?"

"आत्या."

"टेम्पोत काय होतं?"

"गादी टाकली होती तुझ्यासाठी. उशी. आत्याच्या मांडीवर लाडूंचा डबा."

तिने मला ते पुन्हा सांगायला लावलं. गादी कुठली, चौकड्यांची का? आत्या पुढे बसली होती की मागे? मी आठवेल तसं सांगितलं. सांगताना माझ्या लक्षात आलं की आता पुढचा प्रश्न येणार, आणि मला उठून जावंसं वाटलं. पण तो आलाच.

"आता येतील का?"

मी भाव करताना कधी खोटं बोलले नाही असं म्हणणार नाही, धंद्यात बोलावं लागतं. पण हिच्याशी जमेना. मी म्हटलं, "नाही म्हणतात. समेट झालाय म्हणतात."

तिने मान हलवली. मिरची उचलली, देठ खुडला, दुसरी उचलली.

"तू एकदा हो म्हण," मी म्हणाले. "आत्ता माझ्याबरोबर चल. मी ठेवते. मला कोण काय म्हणणार?" मला राग आला होता, तिच्या त्या शांतपणाचा. "चल ऊठ! बस आहे."

"बहिणीचं जमलंय," ती म्हणाली. "दिवाळीनंतर आहे."

शेजारच्या दारातून सासू बाहेर पडली. हाताचं पीठ झाडत येत होती. सुनेने तिला माझ्या आधी पाहिलं. तिने पटकन आत हात घालून खुंटीवरचा एक शर्ट ओढला, माझ्यापुढे टाकला आणि मोठ्याने म्हणाली, "एवढ्याशा झाकणीला हा शर्ट? नाही परवडत."

मला कळायला एक क्षण लागला. मग मीही आवाज चढवला. "कॉलर बघ की, विरली आहे. झाकणी मिळतेय हेच पुष्कळ."

"कढई द्या."

"कढई? नवा शर्ट आण, मग कढई."

सासू येऊन उभी राहिली. मला ओळखलं तिने. आता ही शिव्या देणार, असं मला वाटलं. तिने दिल्या नाहीत. मला इथेही आलेली बघून कंबरेवर हात ठेवून हसली.

"आठे बी उनी का तू? आन जीप. कोठे शे तुन्ही जीप?"

सून म्हणाली, "झाकणीवर छोटी वाटी तरी द्या." मी म्हटलं, नाही. मी जर सोडलं असतं, एक वाटीसुद्धा जास्त दिली असती, तर सासूच्या लगेच ध्यानात आलं असतं, तिला माझा भाव माहीत होता. म्हणून मी त्या पोरीशी झाकणीवरून घासाघीस करत राहिले, ताणून, तोंड वाकडं करून, आणि तीही करत राहिली. सासू मजेत बघत होती. शेवटी सुनेने शर्ट दिला, झाकणी घेतली आणि आत गेली. मी पाटी उचलली. सासूने हात लावून ती माझ्या डोक्यावर चढवली, रीतच आहे ती, आणि म्हणाली, "जाय आते."